पोपटीचे मडके आणि अंगणातला धूर

(बोनकोडे, नवी मुंबई येथे शेतकरी व बागायतदार मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



खते, बियाणे किंवा औषधे यांवर बोलायची मला सवय आहे. आज आपण मला पोपटीवर बोलायला उभे केले आहे. विषय ऐकून काही मंडळी गालात हसली, ते मी पाहिले. परंतु हा विषय शेतीचाच आहे. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरायचा, पौष-माघात त्याला शेंगा भरल्या की बांधावरचा भांबुर्डा उपटायचा आणि रिकाम्या वावरात मडके लावायचे, अशी ही रीत आहे. शेताचे वेळापत्रक ज्याला ठाऊक त्यालाच पोपटीचे वेळापत्रक ठाऊक.

या गावची गोष्ट वेगळी झाली, हे मी जाणतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराकरिता संपादनात आल्या. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. गावठाण तेवढे राहिले आणि त्यात घराला घर लागले. पूर्वी पोपटी गावाबाहेर वावरात लागे, तेव्हा धूर कुणाच्या घरात जात नसे. आता ती अंगणात, गच्चीवर किंवा इमारतींच्या मधल्या रिकाम्या जागेत लागते. मडके तेच आहे, पण त्याचा शेजार बदलला. तक्रारी येतात, पोरांना खोकला होतो, मग कुणी म्हणतो की बंद करा ही पद्धत. मला ती बंद झालेली नको आहे. ज्यांची शेती पेण, पनवेल, अलिबागकडे आहे आणि जे पाहुण्यांना पोपटी करून घालतात, त्यांच्याही हे कामाचे आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, तेव्हापासून शहरातली माणसे पोपटीसाठी पैसे मोजून गावाकडे येऊ लागली आहेत. ती मोकळी हवा घ्यायला येतात. त्यांना डोळे चोळत बसवणे बरे नव्हे.

मडक्याला उष्णता लागते किती?

प्रथम थोडा हिशेब करू. एका मडक्यात शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी मिळून पाच किलो माल आहे असे धरा. तो साधारण २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायचा आहे. त्याला सव्वातीनशे किलोकॅलरीच्या आसपास उष्णता लागते. मातीचे मडके तापायला आणखी शंभर-सव्वाशे धरा. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे सगळी उष्णता मडक्याला मिळाली असती, तर सव्वाशे ते दीडशे ग्रॅम लाकडात पोपटी झाली असती!

तशी ती मिळत नाही. उघड्या तीन दगडांच्या चुलीत जळणाची दहा टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्याला लागते, बाकीची वाऱ्यावर जाते. निर्धूर चुलीची राष्ट्रीय योजना १९८३ च्या सुमारास सुरू झाली ती याच कारणाने. आज सुधारित चुलीला भारतीय मानकाप्रमाणे किमान २५ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. पोपटीचा जाळ तर चुलीपेक्षाही उघडा. तेव्हा दीड किलोच्या जागी तीन किलो धरा, वारा असेल तर चार धरा. आपण प्रत्यक्षात काय करतो? पेंढ्याच्या पेंड्या, लाकडाचे भारे आणि वर हाताला लागेल ते टाकतो. जाळ डोक्याच्या वर गेला की पोपटी जोरात लागली असे समजतो. तो वरचा सगळा जाळ मडक्याच्या उपयोगाचा नसतो.

खरे पाहता पोपटी ही मुळात फार काटकसरीची रीत आहे. मडक्यात पाणी नाही, तेल नाही. तोंड भांबुर्ड्याने गच्च बंद केलेले, त्यामुळे शेंगांच्या अंगच्या पाण्याची वाफ आतच राहते आणि त्या वाफेवर सगळे शिजते. हॉटेलात जाळीवर कोंबडी भाजतात, तेव्हा चरबी ठिबकून निखाऱ्यावर पडते, तिचा धूर होतो आणि तोच धूर मांसाला चिकटतो. त्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. मडक्यात चरबी निखाऱ्याला भेटतच नाही. तेव्हा मडक्याच्या आतले आपल्या वाडवडिलांनी बरोबर बसवून दिले आहे. दुरुस्ती करायची ती बाहेरची.

जळण कोणते घ्यावे

धूर म्हणजे न जळलेले जळण, एवढे एक वाक्य ध्यानात ठेवा. जेवढा धूर दिसतो, तेवढे जळण फुकट गेले. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. ते पाणी आधी उकळून जावे लागते आणि तोवर लाकूड धुमसत राहते. चांगल्या वाळलेल्या दोन काटक्या एकमेकींवर आपटल्या तर टणटण वाजतात. ओल्या बद्द वाजतात. पेंढाही रात्रभर दवात पडलेला असेल तर तो दिवसा उन्हात पसरून मगच घ्यावा.

जाडी बोटाएवढी, फार तर अंगठ्याएवढी असावी. ओंडका पोपटीच्या अर्ध्या तासात पेट घेईपर्यंत पोपटी उतरवायची वेळ येते, मग तो मागे रात्रभर धुमसतो. नारळाच्या वाळलेल्या झावळ्या, सोडणे, करवंट्या, आंब्याच्या छाटणीच्या काटक्या हे उत्तम जळण आहे. पेटवायला रॉकेल किंवा डिझेल अजिबात वापरू नये. सोडणाचा पिंजलेला काथ्या आणि मूठभर वाळका पाला पुरतो.

गिरिपुष्पाचा मात्र थोडा विस्ताराने उल्लेख करतो. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत, चिखलणीपूर्वी दर आर क्षेत्राला सुमारे ३० किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला द्यायचा असतो. फांद्या तोडून खाचरात पसरायच्या. आठवडाभरात पाने गळतात आणि फांद्या मोकळ्या होतात. त्या गोळा करून पडवीत, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी उभ्या करून ठेवा. दिवाळीनंतरच्या उन्हात दोन-चार वेळा बाहेर काढल्या की पौषापर्यंत खडखडीत वाळतात. पाला भाताला, काठी पोपटीला. बांधावर किंवा कुंपणाला गिरिपुष्पाची रांग असेल तर पोपटीसाठी जंगलात कोयता घेऊन जायची गरज राहत नाही. मात्र या झाडाला उंदीरमारी म्हणतात, ते उगीच नाही. त्याची पाने मडक्यात घालू नयेत आणि त्याच्या काडीला मांसही टोचू नये. ते बाहेर जाळण्यापुरतेच.

पेंढ्याबद्दल एक सांगणे आहे. एक टन भाताच्या पेंढ्यात साधारण ५ ते ८ किलो नत्र आणि १४ ते २० किलो पालाश असते. जाळला की नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते. चारसूत्रीत हेक्टरी दोन टन पेंढा नांगरणीच्या वेळी जमिनीत गाडायला सांगितला आहे. त्याच पेंढ्यावर धिंगरी अळिंबी निघते, गुरे खातात ती वेगळीच. तेव्हा पोपटीला पेटवणापुरती एक पेंडी घ्या. अख्खी उडवी लावू नका.

तिवराच्या लाकडाचे काय, असे कुणी विचारील. म्हातारी माणसे सांगतात की पूर्वी तिवराचे जळण सर्रास वापरले जाई. ते दिवस गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. कायद्याचे सोडा, खाडीचे पाणी जमिनीत घुसू नये म्हणून आपण खारबंदिस्ती घालतो, त्या बांधाच्या पुढे लाटेचा मार खाणारी ही तिवरेच असतात. समोरच्या ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेले. रोहित येतात तोच आपला पोपटीचा हंगाम. तिवराच्या वाळल्या फांदीलाही हात लावू नये.

खोक्यांची लाकडे

आता मुख्य दुखण्याकडे येतो. नवी मुंबईत फुकटचे लाकूड मुबलक मिळते. तुर्भ्याचा बाजार जवळ, औद्योगिक वसाहत जवळ, न्हावाशेवा बंदर फार लांब नाही. खोकी, फळकुटे, माल ठेवायचे लाकडी पाट, बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या फळ्या आणि प्लायवूडचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. दिसायला सगळे लाकूडच.

हे मी दुसऱ्याला शिकवतो आहे, पण चूक माझ्याच हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी घरी पाहुणे होते. लाकूड कमी पडले म्हणून एका ओळखीच्या माणसाने आणून दिलेली फळकुटे मी जाळात घातली. त्यांवर हिरवट झाक होती, मी लक्ष दिले नाही. धूर पिवळा आला, वास औषधासारखा आला, तरी मी वारा घालीत राहिलो. शेजारी दम्याच्या एक आजी राहत होत्या. त्यांना इतका त्रास झाला की त्यांच्या मुलाने रात्रीच त्यांना दुसऱ्या मुलाकडे हलवले. मला कुणी काही बोलले नाही. सकाळी त्यांच्या घराला कुलूप पाहिले, तेव्हा माझ्या लक्षात आले. शेतीचे शिक्षण घेतलेला माणूस मी, फवारणीच्या वेळी तोंडाला फडके बांधा म्हणून गावोगाव सांगत फिरणारा!

तेव्हा ही लाकडे ओळखायची कशी ते नीट ऐका. प्लायवूड आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्या यांत फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. त्या कधीही जाळू नयेत. रंग दिलेले लाकूड जाळू नये. घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंतच ठेवण्याचा नियम २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या जुन्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसे किती असेल याचा भरवसा नाही, आणि ते जळून जात नाही, राखेत आणि धुरात राहते. वाळवी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांत मुरवलेले लाकूड असते, त्यावर हिरवट झाक दिसते. ते सर्वांत वाईट.

परदेशी ये-जा करणाऱ्या मालाच्या लाकडी पाटांवर एक डागलेला शिक्का असतो. त्यात गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह, देशाची अक्षरे व आकडे, आणि शेवटी इंग्रजीत ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ अशी दोन अक्षरे असतात. एचटी म्हणजे किडी मारण्यासाठी लाकूड नुसते तापवलेले. एमबी म्हणजे त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. एमबी असेल तर ते लाकूड अंगणातही आणू नका. एचटी असले तरी त्यावर तेलाचे, रसायनाचे डाग नाहीत ना ते पाहा. शिक्काच नसेल तर ते जळण नव्हे, असे समजून बाजूला ठेवावे. टायर, रबरी नळी, पिशव्या, थर्माकोल यांबद्दल मी बोलतच नाही, ते आपल्याला कळते. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये दिला होता, हेही माहीत असलेले बरे.

जाळ कसा लावावा, केव्हा लावावा

जागा निवडताना वरून झाडाची फांदी किंवा वायर जात नाही हे पाहावे. वीतभर खोल, मडक्यापेक्षा हातभर रुंद असा उथळ खड्डा करावा. ज्या बाजूने वारा येतो तिकडे विटांची गुडघाभर आड उभी करावी, पण विटांत बोटभर फटी ठेवाव्यात. वाऱ्याची झोड अडली पाहिजे, आणि खालून हवाही मिळाली पाहिजे. मडके उपडे ठेवून काटक्या त्याला टेकवून तंबूसारख्या उभ्या कराव्यात. आडव्या दडपून रचल्या की आत हवा जात नाही आणि धूर सुरू होतो. दोन-तीन घरांची पोपटी असेल तर मडकी शेजारी शेजारी ठेवून एकच जाळ करावा. दोन मडक्यांमधला जाळ दोघांनाही लागतो.

अर्ध्या तासाच्या सुमारास मडक्यावर हाताने पाण्याचे चार थेंब शिंपडा. चुर्र करून लगेच आटले की पोपटी होत आली. तांब्याने पाणी ओतू नये, मडके तडकते. त्यानंतर जळण घालायचे नाही. निखारे आणि गरम राख मडक्याभोवती ओढून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे, तापलेल्या मातीतली उष्णता उरलेले काम करते. कोंबडीचे तुकडे मात्र लहान करावेत व त्यांना चिरा द्याव्यात. हाडाजवळ लाल राहिलेले मांस खाऊ नये. बटाटे, रताळीही लहान आणि सारख्या आकाराची निवडावीत. एक मोठा बटाटा सगळ्या मडक्याला खोळंबून ठेवतो.

वेळेचे महत्त्व कुणी लक्षात घेत नाही. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते व वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. मग धूर वर चढत नाही, गावावर पांघरुणासारखा पसरून बसतो. सकाळी रस्त्यावर दिसते ते निव्वळ धुके नसते. दुपारी जमीन तापलेली असते, खारे वारे वाहतात, धूर उडून जातो. म्हणून गावठाणात पोपटी लावायची तर चार-साडेचारला लावावी आणि दिवे लागायच्या आत उतरवावी. रात्री बारा वाजता पोपटी लावण्याची मजा मला ठाऊक आहे. ती मोकळ्या वावरात करावी.

ज्यांना अंगणच नाही, गच्चीवर शेगडीच पेटवायची आहे, त्यांनी कोळसा कुठून येतो ते पाहावे. साध्या मातीच्या भट्टीत एक किलो लाकडी कोळशाला पाच-सहा किलो लाकूड जाते. रायगडातली कातकरी कुटुंबे पोरेबाळे घेऊन महिनोन् महिने त्या भट्ट्यांवर राबत असतात. याला पर्याय आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या तयार करण्याची रीत बसवली, तिला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्याच ‘सराई’ कुकरमध्ये शंभर ग्रॅम कांड्यांवर चार-पाच माणसांचा स्वयंपाक वाफेवर होतो. करवंटीचा कोळसाही चांगला. घाटावरच्या मंडळींचा हुरडा आगटीत भाजतात, तिथेही गोवरी पूर्ण वाळलेली असावी एवढेच सांगतो.

भांबुर्डा आणि राख

दोन गोष्टी राहिल्या. भांबुर्डा हे तण आहे, म्हणून आपण त्याला किंमत देत नाही. बांधावर तणनाशक मारले की तो पहिला जातो. आता पोपटीच्या दिवसांत तो बाजारात विकत घ्यावा लागतो. ज्या बांधावर तणनाशक मारले असेल तिथला पाला मडक्यात घालू नये. कारखान्यांच्या नाल्याकाठचा व हमरस्त्याच्या कडेचाही नको. आपल्या एका बांधाचा कोपरा फवारणीतून सोडावा, तिथली दहा-बारा झाडे उपटू नयेत, त्यांना फुलून बी धरू द्यावे. बी हलके असते, वाऱ्याने पुढच्या वर्षाची तजवीज आपोआप होते. वालाचे बी घरी धरा किंवा दापोलीच्या विद्यापीठाचा ‘कोकण वाल’ घ्या. वालाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र ठेवतात, म्हणून शेंगा काढल्यावर मुळे उपटू नका, झाड वरून कापा.

जेवणाला केळीचे पान किंवा पळसाची पत्रावळ असावी. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरी त्या कुठून येतात हे आपल्याला माहीत आहे आणि जेवण झाल्यावर त्या कुठे जातात हेही.

राख स्वच्छ लाकडाची असेल तर ती टाकू नका. तिच्यात पालाश आणि चुना असतो, कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीला तो मानवतो. नारळाच्या आळ्यात पातळ पसरावी. युरियाबरोबर मिसळू नये, नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. खाऱ्या जमिनीत घालू नये. उरलेल्या निखाऱ्यांवर माती लोटून ते विझवावेत. दुसऱ्या दिवशी गार झालेला कोळसा वेचून ठेवला तर पुढच्या वेळी शेगडीला होतो. माघात डोंगर वाळलेला असतो, म्हणून जागेवरून उठण्यापूर्वी राखेवर हात धरून पाहावा. ऊब लागली तर आणखी माती टाकावी.

आता माझी एक विनंती आहे. येत्या रविवारी इथे पोपटी लागणार आहे असे मला कळले. एका मडक्याला नेहमीप्रमाणे जाळ करा. दुसऱ्याला मी सांगितला तसा खड्डा, विटांची आड आणि बोटाएवढ्या काटक्या वापरा. दोन्हींचे जळण आधी तोलून ठेवू आणि उरेल तेही तोलू. कोणाचा धूर कुणाच्या खिडकीपर्यंत गेला, ते बायाबापड्यांना विचारू. मडकी आणि शेंगा तुमच्या. तागडी मी घेऊन येतो.